वर्गमित्राचा फोन

नॅकचं मूल्यांकन जवळ आलं की महाविद्यालयाला माजी विद्यार्थी आठवतात. मूल्यांकनात त्यांच्या सहभागाला वेगळे गुण असतात, संघटना नोंदणीकृत आहे का हेही पाहिलं जातं. मग घाईघाईने मेळावा ठरतो. फ्लेक्स लागतो, शाल-श्रीफळ होतं, हजेरीपटावर सह्या आणि मोबाइल नंबर घेतले जातात. मूल्यांकन उरकलं की हजेरीपट फाइलमध्ये आणि फाइल कपाटात.

तो हजेरीपट खरं तर सोन्यासारखा. फक्त त्यावरचे नंबर फिरवायचे कुणी?

प्राचार्यांचं देणगीचं पत्र आलं तर माणूस ते ‘नंतर बघू’मध्ये टाकतो. पण ‘अरे, मेसचं बिल थकवून पळाला होतास, आठवतंय का?’ अशी सुरुवात करणाऱ्या वर्गमित्राचा फोन ठेवता येत नाही. येल विद्यापीठाने १८९० मध्ये माजी विद्यार्थी निधी उभारला, तो याच ओळखीच्या जोरावर: त्या त्या वर्गातल्याच कुणीतरी विनामोबदला आपल्या सोबत्यांकडे मागायचं. पवईतही हेच दिसलं. आयआयटी मुंबईच्या १९९८ च्या तुकडीने २०२३ मधल्या रौप्यमहोत्सवी भेटीच्या निमित्ताने ५७ कोटी रुपयांची देणगी जाहीर केली. दोनशेहून अधिक जणांचा त्यात वाटा होता. आधीचा ४१ कोटींचा विक्रमही एका तुकडीचाच, १९७१ च्या.

‘ते आयआयटीवाले, आमच्याकडे कुठले कोट्यधीश?’ हे उत्तर तालुक्याच्या कॉलेजात हमखास मिळतं. महाराष्ट्रात तरी ते शोभत नाही. १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था काढणाऱ्या कर्मवीर भाऊराव पाटलांच्या मागे धनिकांची रांग नव्हती. घरोघरच्या मूठभर धान्याच्या मुष्टिफंडावर मुलं जेवली, पत्नी लक्ष्मीबाईंच्या अंगावरचे दागिनेही त्यात गेले. मागणारा माणूस ओळखीचा आणि विश्वासाचा होता, म्हणून त्या मुठी उघडल्या.

आज अडचण विश्वासाचीच आहे. ‘डोनेशन’ या शब्दाला आपल्याकडे प्रवेशाच्या टेबलाखालचा वास येतो. कॅपिटेशन फी रोखणारा कायदा राज्याने १९८७ मध्ये केला, वास काही गेला नाही. त्यामुळे देणगी मागणारा स्वयंसेवक आणि प्रवेश या दोन गोष्टी चार हात लांबच हव्यात. ‘माझ्या भाच्याचं बघा’ हे वाक्य एकदा खपवून घेतलं की सगळी मोहीम संशयात सापडते.

म्हणून प्रवेशाच्या कामात माजी विद्यार्थी नकोतच असं नाही. अमेरिकेतल्या एमआयटीचे माजी विद्यार्थी फुकट वेळ देऊन अर्जदारांशी बोलतात, अहवाल लिहितात. निर्णय मात्र संस्थेची समिती घेते. आपल्याकडे अभियांत्रिकीचे बहुतेक प्रवेश कॅपमधून, म्हणजे केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेतून, गुणवत्ता यादीनुसार होतात, तेव्हा मुलाखतीचा प्रश्नच नाही. पण ऑप्शन फॉर्म भरताना घरात पहिल्यांदाच कुणीतरी इंजिनिअर व्हायला निघालेल्या मुलीची जी तारांबळ उडते, ती सायबर कॅफेवाला निस्तरू शकत नाही. पहिल्या फेरीत पहिल्या क्रमांकाचा पर्याय मिळाला की पुढच्या फेरीत बदल करता येत नाही, हे तिला आधी कुणी सांगायचं? त्याच गावातून चार वर्षांपूर्वी गेलेल्या ताईने. आपल्या कॉलेजचं वसतिगृह कसं आहे, कॅम्पसला कंपन्या खरोखर किती येतात, हेही तिने खरं सांगावं, कॉलेजला रुचो न रुचो. तेवढी मोकळीक द्यायची नसेल तर स्वयंसेवक कशाला, माहितीपत्रक पुरे.

फुकट काम म्हणजे बिनखर्चाचं काम, हा गैरसमज कार्यालयांनी आधी सोडायला हवा. एकेका स्वयंसेवकाकडे वीस-पंचवीसच नावं द्यावीत, पैसे कशासाठी हवेत हे नेमकं सांगावं, आणि त्याचा फोन उचलणारा पगारी माणूस कार्यालयात असावा. नाही तर काय होतं? मित्राने भिडेखातर पाच हजार पाठवलेले असतात. रिटर्न भरायची वेळ येते, करसवलतीचं प्रमाणपत्र आलेलं नसतं. तो स्वयंसेवकाला विचारतो, स्वयंसेवक कार्यालयाला, कार्यालय म्हणतं क्लार्क रजेवर आहेत. पुढच्या वर्षी यादी हातात असूनही स्वयंसेवक त्या मित्राचं नाव गाळून खालचा नंबर लावतो.