गाड्या गेल्या डोंगरावर, आणि दोष माणसांचा!

मंडळी, जुन्या मोटारींच्या वर्तुळात हल्ली एक वाक्य फार ऐकू येते. "लोकांना आता या गाड्यांत रस उरलेला नाही हो!" म्हणणारा सुस्कारा सोडतो, ऐकणारे माना डोलावतात, मग मोबाइल आणि नवी पिढी यांच्या नावाने चार शब्द होतात आणि चहा येतो. मला हे वाक्य साफ अमान्य आहे. का, ते आज जरा सविस्तर लिहितो. लांबले तर सांभाळून घ्या. छत्तीस वर्षे फळ्यापुढे उभा राहिलेला माणूस थोडक्यात बोलत नाही, हे आमच्या घरच्यांना ठाऊक आहेच.

आधी हा विषय निघाला कसा ते सांगतो. आमच्या भागात जुन्या मोटारींचा एक छोटासा मेळा भरतो. नाव घेत नाही. चालवणारी माणसे ओळखीची आहेत आणि मनाने चांगली आहेत. पूर्वी हा मेळा रविवारी सकाळी शहरातल्याच एका शाळेच्या मैदानावर भरायचा. दूध आणायला निघालेला माणूस पिशवी हातात घेऊन तिथे तासभर रेंगाळायचा. पोरे सायकली टाकून बॉनेटभोवती कोंडाळे करायची. पुढे हा मेळा घाट चढून एका थंड हवेच्या ठिकाणच्या रिसॉर्टवर गेला. हिरवळ छान, हवा छान, फोटो तर फारच छान. पहिल्या वर्षी नवलाईने बरे लोक आले, मग दरवर्षी कमी कमी होत गेले. गेल्या खेपेस भाच्याबरोबर मी गेलो, तेव्हा मालक आणि त्यांचे ड्रायव्हर वगळले तर पाहणाऱ्यांपेक्षा गाड्याच जास्त दिसत होत्या. आणि बक्षीस समारंभात भाषण कोणते ऐकले? वर दिलेले वाक्य!

आता हे पाहा. गावातली शाळा उचलून पाच कोसांवरच्या टेकडीवर न्यायची, वर चढायला एस.टी. ठेवायची नाही, फाटकावर फी लावायची, आणि वर्षअखेरीस हजेरीपटावर शेरा मारायचा, "या गावातल्या मुलांना शिक्षणाची गोडी नाही." असा शेरा मारणाऱ्या मुख्याध्यापकाला आपण काय म्हणू? पटसंख्या घटली की आधी शाळेची वाट तपासावी, पोरांची बुद्धी नंतर.

हिशेब साधा आहे. शहरातल्या मैदानावर जायला चार माणसांच्या कुटुंबाला खर्च होता शून्य. घाटावर जायचे तर चौघांचे जाण्यायेण्याचे भाडे, स्टँडपासून रिसॉर्टपर्यंत रिक्षा, प्रवेशाचे पैसे, आणि जेवण तिथल्याच दराने, कारण बाहेरचे खाणे आत नेता येत नाही. शिवाय सगळा दिवस जातो. ज्याला आधीपासून वेड आहे तो एवढे करील. पण ज्याला अजून वेड लागायचे आहे तो कशाला करील? जुन्या मोटारीचे वेड ठरवून लागत नाही. ते जाता जाता लागते. 'जाता जाता'च काढून टाकले, तर नवा वेडा येणार कुठून?

हे फक्त आमच्या छोट्या मेळ्याचे असते तर मी लिहीत बसलो नसतो. देशातल्या मोठ्या प्रदर्शनांची वाटही त्याच दिशेने जाते आहे. कार्टिए या फ्रेंच जवाहिऱ्यांच्या कंपनीने भारतात जुन्या मोटारींची स्पर्धा सुरू केली ती २००८ साली, मुंबईत महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर. २०११ साली ती दिल्लीच्या जयपूर पोलो मैदानावर झाली. २०१७ साली हैदराबादच्या फलकनुमा पॅलेस हॉटेलात आणि २०१९ साली जयपूरच्या रामबाग पॅलेस हॉटेलात. पुढे २०२४ च्या फेब्रुवारीत ओबेरॉय हॉटेलवाल्यांनी स्वतःची स्पर्धा सुरू केली, ती उदयपूरला त्यांच्या उदयविलास हॉटेलात. कार्टिएची स्पर्धा आमंत्रितांसाठीच असे, तेव्हा महालक्ष्मीलासुद्धा तुम्हीआम्ही आत गेलो असतो असे नाही. पण रेसकोर्स निदान मुंबईच्या पोटात आहे. तिथे येताजाताना गाड्या रस्त्यावर तरी दिसतात. मैदानाकडून महालाकडे आणि महानगराकडून पर्यटनस्थळाकडे, असा हा प्रवास आहे. खाजगी कंपनीने आपल्या पैशाने कुणाला बोलवावे हा तिचा प्रश्न, त्यावर माझा वाद नाही. माझा वाद आहे तो, याच महालांकडे पाहून आपलेही छोटे मेळे रिसॉर्टवर नेणाऱ्या हौशी मंडळींशी. श्रीमंताघरच्या लग्नातला मंडप पाहून सत्यनारायणाला झुंबर लावण्यातला हा प्रकार आहे.

गंमत पाहा, उलटे उदाहरण त्याच उदयपुरात आहे. मेवाड संस्थानच्या जुन्या मोटार गॅरेजमध्ये २००० सालापासून मोटारींचे संग्रहालय आहे. तिकीट काढा, आत जा. १९८३ सालच्या जेम्स बाँडच्या चित्रपटात दिसलेली रोल्स-रॉइस तिथे कुणालाही पाहता येते. म्हणजे राजाच्या मोटारी सामान्य माणसाने पाहिल्या तर त्या झिजतात, असे खुद्द राजघराण्याला वाटत नाही. ते वाटते आपल्यासारख्यांना!

आता यात एक कायद्याची बाब आहे, आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची तीच आहे. २०२१ च्या जुलैमध्ये केंद्र सरकारने व्हिंटेज वाहनांसाठी वेगळे नियम केले. पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षांहून जुनी आणि मूळ रूपात राखलेली दुचाकी किंवा चारचाकी 'व्हिंटेज' म्हणून नोंदवता येते. नव्या नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये, मुदत दहा वर्षे, आणि नंबरात 'व्हीए' ही अक्षरे. नियम चांगले आहेत, त्यामुळे अशा गाड्यांना ओळख मिळाली. पण त्यातच अशीही अट आहे की ही गाडी रोजच्या वापरासाठी किंवा धंद्यासाठी रस्त्यावर आणायची नाही. प्रदर्शन, रॅली, तांत्रिक संशोधन, इंधन भरणे, देखभाल, एवढ्याच कारणांसाठी आणायची.

याचा अर्थ लक्षात येतो का? अशी नोंद झालेली गाडी भाजी आणायला निघालेली कुणाला दिसणार नाही. ती दिसायची मुख्य जागा म्हणजे रॅली आणि प्रदर्शन. ती खिडकीच आपण उचलून डोंगरावर नेली आणि तिला पडदा लावला, तर कायद्याने जपलेली ती गाडी समाजापुरती नाहीशीच झाली. मग ती वारसा कसली? ती तिजोरीतली ठेव.

आता समोरच्या बाजूचे म्हणणेही मांडतो, नाहीतर एकतर्फी होईल.

पहिले म्हणणे, लोक हात लावतात, ओरखडे पडतात, पोरे हॉर्न दाबतात. खरे आहे. पण त्यावर उपाय दोरी आणि दोन स्वयंसेवक हा आहे, घाट हा नव्हे. अहमदनगरला (२०२४ पासून अहिल्यानगर) लष्कराचे रणगाडा संग्रहालय १९९४ साली सुरू झाले. त्यानंतर दोनच वर्षांनी मी सातवीचे दोन वर्ग एस.टी.ने तिथे नेले होते. तिथे रोल्स-रॉइसची चिलखती गाडीसुद्धा आहे. नव्वद पोरे होती आणि त्यातली निम्मी तरी शाळेत नामांकित उपद्व्यापी! एका हवालदारांनी सुरुवातीला दोन मिनिटे समजावून सांगितले, तेवढे पुरले. पोरांना विश्वासाने वागवले की ती विश्वासाने वागतात, हे मी पुस्तकात वाचून सांगत नाही.

दुसरे म्हणणे, शहरात वाहतूक फार, जागा नाही, धोका असतो. यातही तथ्य आहे. सुरक्षिततेसाठी जागा बदलण्याला माझा विरोध नाहीच. अमेरिकेत कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर पेबल बीच नावाचे श्रीमंती विश्रामस्थान आहे. तिथे १९५० पासून जंगलातल्या रस्त्यांवर मोटारींच्या शर्यती होत आणि सोबत सुंदर मोटारींची स्पर्धाही असे. १९५६ साली एर्नी मॅकाफी नावाच्या चालकाची फेरारी झाडावर आदळून तो गेला. शर्यती बंद झाल्या, आणि त्यांच्यासाठी जवळच लगुना सेका येथे वेगळा मार्ग बांधून १९५७ पासून तिथे शर्यती सुरू झाल्या. याला म्हणतात कारण असलेले स्थलांतर! त्यात माणसाच्या जिवाचा विचार होता. आपल्याकडे जागा बदलते ती हिरवळीवर फोटो चांगले येतात म्हणून.

तिसरे म्हणणे, पैसा लागतो, आणि रिसॉर्टवाला जागा फुकट देतो. देईल की! तुमच्या गाड्यांमुळे त्याच्या खोल्या भरतात. पण कोलकात्याच्या 'स्टेट्समन' वृत्तपत्राने दिल्लीत जुन्या मोटारींची रॅली १९६४ साली सुरू केली, ती शहराच्या रस्त्यांवर. राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयातला १९१४ सालचा 'जॉन मॉरिस' अग्निशमन बंबसुद्धा त्या रॅलीत धावलेला आहे. हे चालवायला महाल लागला नाही. रविवारची सकाळ आणि पोलिसांची परवानगी लागली.

आणि पर्यटनस्थळच हवे असेल तर तेही करता येते, फक्त रीत उलटी हवी. लंडन ते ब्रायटन ही मोटारींची फेरी पाहा. १८९६ साली इंग्लंडात नवा कायदा आला, मोटारीपुढे माणूस चालवण्याची सक्ती उठली, वेगाची मर्यादा वाढली, आणि त्या आनंदात १४ नोव्हेंबरला ही फेरी निघाली. १९२७ पासून तिची आठवण म्हणून नोव्हेंबरात १९०५ पूर्वीच्या गाड्या लंडनच्या हाइड पार्कवरून निघतात आणि साठ मैलांवरच्या ब्रायटनला जातात. ब्रायटन हे समुद्रकाठचे हवा खाण्याचे ठिकाणच आहे. पण गाड्या तिथे झाकून नेत नाहीत. त्या गावागावांतून, धूर सोडत, मध्येच बंद पडत जातात, आणि लोक रस्त्याकडेला उभे राहून फुकट पाहतात. बंद पडलेली गाडी पाहण्यात तर अधिकच मजा. पोराला यंत्र कळते ते यंत्र अडल्यावर, झुळझुळीत चालल्यावर नव्हे!

मला खरी काळजी याचीच आहे. या गाड्या उद्या दुरुस्त कोण करणार? कार्ब्युरेटर कानाने लावणारे, पत्रा हातोडीने ठोकून मूळ वळणावर आणणारे मिस्त्री आता माझ्या वयाचे झाले. त्यांच्यातले बहुतेक लहानपणी रस्त्यावर उघडे बॉनेट पाहूनच या कामाला लागले. त्यांनी कुठला कोर्स केला नव्हता. रिसॉर्टच्या हिरवळीवर गॅरेजमधला पोऱ्या येत नाही. त्याला तिथे कुणी घेतही नाही. मालकाला करंडक मिळतो, मिस्त्रीचे नावही फलकावर नसते.

आणि 'क्लासिक' म्हणजे फक्त महाराजांच्या रोल्स-रॉइस, असे कुणी ठरवले? वालचंद हिराचंद सोलापूरचे. त्यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी काढली आणि पुढे तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून फियाट निघाली, मग तीच पद्मिनी झाली. मुंबईची शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ ला नोंदली गेली आणि वीस वर्षांच्या मर्यादेमुळे ३० ऑक्टोबर २०२३ पासून या टॅक्सी रस्त्यावरून गेल्या. त्या दिवसांत किती माणसांना गलबलून आले, ते वर्तमानपत्रांत वाचले असेलच. लोकांना जुन्या गाड्यांत रस नाही म्हणता? मग ते गलबलणे कशाचे होते? आणि हो, १९७४ साली नोंदलेली खाजगी पद्मिनी आता त्या सरकारी नियमाप्रमाणे 'व्हिंटेज'च्या वयाची झाली आहे. माझ्या पिढीतल्या कितीतरी जणांची वरात याच गाडीतून निघाली. ती गाडी पाहायला नातवंडांनी घाट चढून तिकीट काढायचे?

२०२३ च्या जानेवारीत अशाच मोटारींचा एक मोठा मेळा बडोद्याला लक्ष्मीविलास राजवाड्याच्या आवारात भरला होता. ती बातमी वाचताना मला सयाजीराव महाराज आठवले. ज्या राजाने १९०६ साली संस्थानभर प्राथमिक शिक्षण सक्तीचे आणि मोफत केले, १९१० नंतर गावोगाव वाचनालये नेली, त्याने आपल्याला एवढेच शिकवले की चांगली वस्तू माणसांपर्यंत न्यायची असते. माणसे येत नाहीत म्हणून रुसायचे नसते.

तेव्हा मेळा भरवणाऱ्या मित्रांना माझे सांगणे असे. तुमचे दोन दिवस रिसॉर्टवर खुशाल घाला, जेवणे करा, करंडक वाटा. पण तिसरी सकाळ शहराला द्या. शाळेच्या मैदानावर, फुकट, सात ते दहा. प्रत्येक गाडीपुढे मराठीत पाटी लावा, आणि तिच्यावर मालकाच्या खाली मिस्त्रीचे नाव लिहा. एका गाडीचे बॉनेट उघडे ठेवा आणि शेजारी एक बोलका माणूस उभा करा. असे ओळीने तीन वर्षे करून बघा. त्यानंतरही मैदान रिकामे राहिले, तर मग म्हणा लोकांना रस नाही म्हणून. तोपर्यंत ते वाक्य बोलायचा अधिकार तुम्हाला नाही, असे माझे स्पष्ट मत आहे.

असो. नातेवाईकांपैकी ज्यांच्या दारात अजून ताडपत्रीखाली फियाट झोपलेली आहे (तुम्हाला माहीत आहे मी कुणाबद्दल बोलतो आहे!), त्यांनी येत्या रविवारी ती ताडपत्री काढावी, गाडी धुवावी आणि दिवसभर रस्त्याच्या बाजूला उभी करावी. किती पोरे जमली ते मोजून मला कळवा.