कप्प्यात उतरायची घाई नको
बंधूंनो, ३१ जुलैला बंदी संपते आणि ६१ दिवस बंद असलेले मासळीचे कप्पे आपण उघडतो. झाकण काढलं की खलाशी थेट खाली! ही पद्धत बंद व्हायलाच हवी.

आपल्या श्वासातल्या हवेत साधारण २१ टक्के प्राणवायू असतो. फुप्फुसांतल्या बारीक फुग्यांमधून तो रक्तात जातो. बंद कप्प्यात उरलेली मासळी, घाण पाणी कुजलं की प्राणवायू घटतो आणि हायड्रोजन सल्फाइड तयार होतो. हा वायू हवेपेक्षा जड, तळाशी साचतो. आधी कुजक्या अंड्यासारखा वास येतो, प्रमाण वाढलं की नाकच बधिर होतं. म्हणून वास गेला म्हणजे धोका टळला असं नाही. तोंडाला बांधलेला रुमालही हा वायू अडवत नाही.

एक पडला की दुसरा वाचवायला उतरतो, तोही पडतो. म्हणून आधी पाइप लावून पंख्याने तळापर्यंत हवा सोडा. उतरणाऱ्याच्या अंगाला दोर बांधा, वर माणूस ठेवा. कोणी पडलाच तर दोराने ओढा, १०८ ला फोन करा.

मालकांनो, पंखा-पाइपचा खर्च होईल. पण खलाशाच्या घरीही कोणीतरी वाट बघतंय.