न निघालेला काटा

प्रायश्चित्तकाळ आला की आमच्या धर्मग्रामांतून एका ठरावीक प्रकारची साक्ष हमखास ऐकू येते. वक्ता पूर्वी दारूच्या आहारी गेलेला असतो. एखाद्या तपोसाधनेत त्याच्या मस्तकी हात ठेवून प्रार्थना होते, आणि त्या दिवसापासून त्याने थेंबालाही स्पर्श केलेला नसतो. अशा मुक्तीविषयी आम्हांस शंका नाही. आमची तक्रार अशी की, ज्याचे व्यसन सुटले त्याच्याच हाती आम्ही ध्वनिक्षेपक देतो. ज्याचे सुटत नाही, तो चर्चच्या बाहेर मोटारसायकलींजवळ उभा राहून मिस्सा ऐकतो आणि कम्युनियनची रांग लागली की निघून जातो.

या साक्षीला संत पौलाचा आधार दिला जातो. करिंथकरांस पाठविलेल्या दुसऱ्या पत्राचा बारावा अध्याय पुन्हा वाचून पाहावा. देहातील काटा निघावा म्हणून पौलाने तीनदा विनवणी केली आणि काटा निघाला नाही. कृपा पुरेशी आहे, एवढेच उत्तर आले. तो काटा कोणता, यावर विद्वानांचे आजही एकमत नाही. पौलाने ते सांगितले नाही हे बरेच झाले. नाहीतर तेवढाच एक दोष क्षम्य ठरवून इतर दोषांच्या धन्यांना आम्ही दाराबाहेरच ठेवले असते!

ज्याचा काटा निघाला नाही असा एक संत ख्रिस्तसभेने आम्हांला दिला आहे, पण त्याचे नाव प्रवचनात क्वचितच येते. चीनमधील मार्क जी तिएनश्यांग हा वैद्य होता, गरिबांकडून तो मोबदला घेत नसे. पोटाच्या दुखण्यावर औषध म्हणून त्याने अफू घेतली आणि ती त्याला कायमची चिकटली. तो पुनःपुन्हा पापनिवेदनाला जाई. ज्याला सुधारायचेच नाही त्याला क्षमा कशी द्यावी, असा त्याच्या धर्मगुरूंना प्रश्न पडला. व्यसन हा आजार आहे ही जाण त्या काळी नव्हती. सुमारे 30 वर्षे त्याला कम्युनियन मिळाले नाही. तरी तो चर्चमध्ये येत राहिला. 1900 साली बॉक्सर बंडात त्याला कुटुंबीयांसह पकडले. आपल्या माणसांपैकी कोणालाही एकट्याने मरावे लागू नये म्हणून ‘मला शेवटी मारा’ अशी त्याने विनंती केली, असे सांगतात. 2000 साली पोप दुसरे जॉन पॉल यांनी त्याला चीनच्या इतर हुतात्म्यांसह संतपद दिले. त्याची अफू सुटल्याची नोंद कोठेही नाही.

यावर ‘मग काय, खुशाल प्यावे?’ असा आक्षेप येईल. तो जुनाच आहे. रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या सहाव्या अध्यायात पौलाने त्याला खडसावून नकार दिला आहे. दोषाला सद्गुण म्हणा, असे आमचे म्हणणे नाही. उलट, याहून घातक गैरवापर आम्ही पाहिला आहे: नवऱ्याचा मार खाणाऱ्या स्त्रीला ‘हा तुझा काटा आहे, सहन कर’ असे सांगितले जाते. पौल स्वतःच्या देहातील काट्याविषयी बोलत होता. दुसऱ्याच्या हातातील काठीला काटा म्हणण्याची मुभा त्याने कोणालाही दिलेली नाही.

1935 साली अमेरिकेत सुरू झालेल्या ‘अल्कोहोलिक्स अनॉनिमस’ची पहिली पायरीच मुळी ‘दारूपुढे आम्ही हतबल आहोत’ ही कबुली आहे. अनेक ठिकाणी चर्चच्याच आवारातील एखाद्या खोलीत या सभा भरतात. तेथे मनुष्य आपले नाव सांगतो आणि लगेच आपला दोष सांगतो. कोणी उठून जात नाही. पन्नास पावलांवरील देवालयात मात्र तोच मनुष्य स्वच्छ सदरा घालून, घरी सारे ठीक असल्याचे सांगत हात जोडतो. आणि त्याच्या शेजारच्या बाकावर बसलेले आम्ही, सारे ठाऊक असूनही, मान डोलावतो.