वडिलांची बंदूक : वारसा हत्याराचा कीं विद्येचा ?

भाताचें पीक पोटरीस आलें म्हणजे डोंगराच्या कुशींतील शेतांत रानडुकरांचे कळप उतरूं लागतात, आणि चार महिन्यांचे कष्ट एका रात्रींत चिखलांत जातात, हा कोंकणांतील शेतकऱ्याचा नित्याचा अनुभव आहे. म्हणूनच येथील पुष्कळ घरांतून पीकसंरक्षणासाठीं घेतलेली एकनळी ठासणीची बंदूक आजही आढळते. बाप गेला म्हणजे जमिनीबरोबर तीही मुलाकडे येते. जमीन कशी कसावी हें मुलास लहानपणापासून ठाऊक असतें. बंदुकीविषयीं मात्र तो बहुधा अजाण असतो.

आमच्या घरचीच गोष्ट सांगतों. तीर्थरूप वारल्यावर त्यांची बंदूक माजघरांत खुंटीवर तशीच राहिली. पावसाळ्यापूर्वीं ती पुसावयास घेतली असतां शेजारचे एक वृद्ध गृहस्थ म्हणाले, “आधीं गज घालून बघा.” गज नळींत शेवटपर्यंत सोडून तोंडाशीं खूण केली व तोच गज बाहेरून नळीस लावून पाहिला, तेव्हां तो बुडापासून चार बोटें वरच अडलेला दिसला. म्हणजे तीर्थरूपांनीं ठासलेला शेवटचा बार आंतच होता, आणि घरांत लहान मुलें वावरत होतीं ! जाणत्या कारागिरानें ती बंदूक रिकामी केली. परंतु हत्यार वारशानें येतें, विद्या येत नाहीं, हें त्या दिवशीं आम्हांस कळून चुकलें. विनापरवाना ती घरांत ठेवणें हीही चूकच होती, हें तर मागाहून कळलें.

ही विद्या फार मोठी नाहीं. प्रत्येक बंदूक भरलेलीच आहे असें समजावें. नळीचें तोंड माणसाकडे कधींही करूं नये. तींत काळ्या दारूखेरीज दुसरी दारू घालूं नये. बार उडविल्यावर आंत राहणारी काजळी ओल धरते व नळीस गंज चढविते. म्हणून त्याच दिवशीं नळी कढत पाण्यानें धुऊन, कोरडी करून तेल द्यावें. आणि सर्वांत महत्त्वाचें म्हणजे, नुसत्या सळसळीवर नेम धरूं नये. झुडपामागें आपलाच सोबती असूं शकतो. दारू, बोळा व छरे पुन्हां ठासून केप बसवीपर्यंत डुक्कर थांबत नाहीं, ही या बंदुकीची उणीव लोक सांगतात. आमच्या मतें हाच तिचा गुण होय. ज्याच्याजवळ एकच बार आहे तो आधीं पाहतो, मग चाप ओढतो.

आतां कायद्याविषयीं. परवाना व्यक्तीचा असतो, घराचा नसतो. परवानेदार वारल्यावर १९५९ च्या शस्त्र कायद्याप्रमाणें बंदूक विनाविलंब पोलीस ठाण्यांत अथवा परवानेधारक विक्रेत्याकडे जमा करावी, व वारसानें स्वतःच्या नांवें अर्ज करावा. २०१६ च्या शस्त्र नियमांत तर हयातींतच सोय आहे : परवानेदारास सत्तर वर्षें झालीं किंवा बंदूक बाळगून पंचवीस वर्षें झालीं, यांपैकीं जें आधीं घडेल तेव्हां त्यानें निवडलेल्या वारसास परवाना मागतां येतो. शिवाय बंदुकीचा परवाना म्हणजे शिकारीची मुभा नव्हे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याप्रमाणें पिकाची नासाडी करणाऱ्या डुकरावर बार टाकण्यासही वनखात्याच्या अधिकृत अधिकाऱ्याचा लेखी हुकूम लागतो.

कित्येक म्हणतात, एवढ्या दगदगीपेक्षां बंदूक जमा करून मोकळें व्हावें. ज्यास शिकावयाचें नाहीं त्यानें तसेंच करावें. त्यांत कमीपणा नाहीं. परंतु ज्याचें शेत रानाच्या कडेला आहे व ज्यास ती ठेवावयाची आहे, त्याच्या वडिलांस आमची विनंती आहे कीं, हात चालत आहेत तोंवरच परवान्याचा अर्ज करवावा, आणि मुलास शेजारीं बसवून गज, केप व नळी ओळखवून द्यावी. शेतकरी संघांनींही वार्षिक सभेंत एक तास या शिक्षणास द्यावा. बियाणें पारखून घेणारा शेतकरी बंदूक मात्र न पारखतां घरांत आणतो, हें योग्य नव्हे.