जूनची खरेदी, दिवाळीचा हिशेब

लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी व्यापारी नव्या वहीला हळदकुंकू वाहतो. वर्षभर काय लागणार याची त्याला आधीच कल्पना असते. आम्हां संसारी माणसांना वहीची आठवण होते ती मात्र जूनच्या मध्यावर, दुकानासमोरच्या गर्दीत, एका हातात छत्री आणि दुसऱ्या हातात पोराचे मनगट धरून! मग दुकानदार देईल ते घ्यायचे आणि सांगेल ती किंमत मोजायची.

ऐन फराळाच्या वेळी दप्तराचा विषय काढला म्हणून वाचकांनी रागावू नये. दिवाळी म्हणजे शाळेच्या वर्षाचा मध्य. पहिले सत्र संपलेले असते, दप्तरे खुंटीला निवांत लटकत असतात. हिशेब पाहायचा तर हीच वेळ. दप्तर उघडून बघा. गणिताची वही केव्हाच संपलेली असते, तर इतिहासाची दोनशे पानी वही पंचविसाव्या पानावर थबकलेली! डझनाच्या हिशेबाने खरेदी केली की असे व्हायचेच. कोणती वही किती भरली, एकरेघी किती लागल्या, चौकटीच्या किती, हे आज एका कागदावर लिहून ठेवले की जूनची यादी आपोआप तयार होते. मार्चअखेर उरलेली कोरी पानेही टाकू नयेत. चोवीस कागदांचा एक दस्ता. दाभण-दोऱ्याने शिवला की कच्च्या कामाला छान वही होते. आपल्या वडीलधाऱ्यांनी अशाच वह्यांवर बेरजा-वजाबाक्या गिरवल्या आहेत. वह्या, पेन्सिली, खोडरबर यांवरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून शून्य झाला आहे, पण म्हणून गरजेपेक्षा जास्त घेतलेली वही स्वस्त ठरत नाही.

वही आधी घेऊन ठेवता येते, कारण ती नासत नाही. पाठ्यपुस्तकाचे तसे नाही, ते बदलते. १९६७ साली पुण्यात पाठ्यपुस्तक मंडळ, म्हणजे आपली 'बालभारती', स्थापन झाली. आज सरकारी व अनुदानित शाळांतल्या आठवीपर्यंतच्या मुलांना पुस्तके मोफत मिळतात. खिशाला खरी झळ लागते ती नववीपासून. तिथे जुने पुस्तक कामास येते; मात्र घेण्यापूर्वी आतले पान पाहावे. 'प्रथमावृत्ती' आणि 'पुनर्मुद्रण' यांची साले तिथे छापलेली असतात. नुसते पुनर्मुद्रण असेल तर थोरल्या भावाचे पुस्तक धाकट्याला खुशाल चालेल. अभ्यासक्रम बदलून नवी प्रथमावृत्ती निघाली असेल, तर ते रद्दीतलेच समजा. २०२५ च्या जूनमध्ये पहिलीचा अभ्यासक्रम बदलला, आणि बदलाची ही पाळी टप्प्याटप्प्याने वरच्या वर्गांवरही यायची. म्हणून पुस्तकाची चौकशी आधी, खरेदी मागाहून.

हे सारे ज्याच्या हाती महिन्याचा पगार पडतो त्याला सोपे आहे. रोजंदारीवरचा बाप पुस्तके घेतो ती पैसे जमतील तशी. त्याच्या मुलाचे पुस्तक जुलै उजाडला तरी येत नाही. ते मूल शेजाऱ्याच्या पुस्तकात तिरके बघत बसते आणि हळूहळू प्रश्न विचारायचे सोडून देते. पुस्तक नाही, असे कुणी म्हणत नाही. 'घरी विसरलो' म्हणतात. वीस वर्षांच्या अध्यापनानंतर मी एवढे सांगू शकतो की, आठवडाभर पुस्तक विसरणारा विद्यार्थी विसरभोळा नसतो. अशी मुले अकरावीत येतात तेव्हा मूळ पुस्तकाऐवजी कुणाचे तरी पातळसे गाईड त्यांच्या हाती असते. धडा न वाचताच ती धड्यावरची उत्तरे पाठ करतात.

तेव्हा आजच्या यादीत एक ओळ जास्त लिहा. एप्रिलमध्ये परीक्षा संपली की आपल्या मुलाची पुस्तके किलोच्या भावाने रद्दीत जाऊ देऊ नका. फाटकी पाने खळीने चिकटवा, खाकी कव्हर घाला, आणि ती कोणाला द्यायची ते आताच ठरवून त्या घरी कळवा. त्या आईबापांना जूनचा एक खर्च कमी झाला हे आठ महिने आधी समजेल, आणि शाळेच्या पहिल्या दिवशी त्यांच्या मुलाला शेजाऱ्याच्या बाकाकडे मान वळवावी लागणार नाही.