दिवेलागण आणि ‘हॅपी अवर्स’

महानगरांतील इंग्रजी वृत्तपत्रांच्या रंगीत पुरवण्यांना सध्या एका यक्षप्रश्नाने ग्रासले आहे. शहरात उत्तम इटालियन जेवण कोठे मिळते आणि त्यांपैकी कोणत्या उपाहारगृहात ‘हॅपी अवर्स’ आहेत? उत्तरादाखल याद्या छापल्या जातात. पुण्यात कोरेगाव पार्क, कल्याणीनगर, विमाननगर. मुंबईत वांद्रे, लोअर परळ. दुपारी चार ते रात्री आठ, एका पेल्यावर दुसरा पेला मोफत. शेजारी पिझ्झ्याचे छायाचित्र आणि हसऱ्या तरुणांचा घोळका. एवढ्या सामग्रीवर ‘आनंद’ सिद्ध होतो, अशी या मंडळींची ठाम समजूत आहे.

अहिल्यानगर जिल्ह्यातला वाचक यावर म्हणेल की, महानगरातील मूठभर धनिकांच्या या चोचल्यांशी आम्हाला काय देणेघेणे? आमच्यापुढे पाण्याचा प्रश्न आहे, उसाच्या भावाचा आहे, कांद्याचा आहे. परंतु नकाशा समोर ठेवून पाहावे. आपल्या गावाचे नाव मिरवणारा ‘नगर रस्ता’ सुपे, शिरूर, वाघोली करीत पुण्यात शिरतो, तो खराडी, विमाननगर आणि कल्याणीनगर याच वस्त्यांमधून. पारनेर, श्रीगोंदा, पाथर्डी, जामखेडची मुले अभियांत्रिकीची पदवी घेऊन याच रस्त्याने जातात आणि याच वस्त्यांच्या आसपास चार जणांत एक खोली घेऊन राहतात. सव्वाशे किलोमीटरच्या या रस्त्याचे एक टोक आपल्या अंगणात आहे आणि दुसरे त्या रंगीत यादीत. तेव्हा हा विषय परक्यांचा नाही. आपल्या घरातून बाहेर पडलेल्या मुलामुलींचा आहे.

प्रारंभीच एक गोष्ट स्पष्ट करावयास हवी. आमचा आक्षेप इटालियन अन्नाला नाही. परदेशी पदार्थ खाल्ल्याने धर्म बुडतो असे मानणारा विचार हा हिंदुत्वाचा विचार नव्हे. स्वातंत्र्यवीर सावरकरांनी हिंदू समाजाच्या पायांतील ज्या सात बेड्या मोजून दाखविल्या, त्यांत ‘रोटीबंदी’ ही एक बेडी होती. ते केवळ लेख लिहून थांबले नाहीत. १९३३ साली रत्नागिरीत त्यांच्या प्रेरणेने ‘अखिल हिंदू उपाहारगृह’ उघडले. तेथे जातीचा विचार न करता कोणीही यावे, शेजारी बसावे आणि चहा-फराळ घ्यावा, अशी व्यवस्था होती. एका साध्या उपाहारगृहातून शतकांची अस्पृश्यता फोडण्याचा तो उद्योग होता. उपाहारगृह समाज जोडू शकते, हे आम्ही कोणा पाश्चात्त्याकडून शिकलेलो नाही. तेव्हा कणकेच्या जाड पोळीवर टोमॅटो आणि चीज घालून कोणी ती आवडीने खात असेल, तर त्याने ती खुशाल खावी.

इटलीशी मराठी मनाचे नाते जुने आहे, हेही विसरता कामा नये. लंडनमध्ये शिकत असताना विशीतल्या सावरकरांनी इटलीचा देशभक्त मॅझिनी मराठीत आणला. १९०७ साली ते पुस्तक प्रसिद्ध झाले, तरुणांनी त्याची प्रस्तावना तोंडपाठ केली आणि इंग्रज सरकारने धास्तावून पुस्तकावर बंदी घातली. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी मराठी तरुणाने इटलीकडून राष्ट्रभक्तीची दीक्षा घेतली. आज त्याच इटलीच्या नावाच्या पाटीखाली बसून तो काय घेत आहे? ही तुलना बोचत असेल, तर ती बोचावयासच हवी.

गंमत अशी की, ज्या इटलीचे अनुकरण आपण करीत आहोत अशी या मंडळींची कल्पना आहे, ती इटली स्वतः आपल्या अन्नाविषयी कमालीची स्वाभिमानी आहे. १९८६ साली रोममधील ऐतिहासिक ‘स्पॅनिश स्टेप्स’जवळ मॅकडोनाल्ड्सचे दुकान उघडले, तेव्हा तेथे मोठा विरोध उसळला. त्यातूनच कार्लो पेत्रिनी यांच्या नेतृत्वाखाली ‘स्लो फूड’ ही चळवळ उभी राहिली आणि जगभर पसरली. २०२२ साली इटलीच्या सरकारने आपल्या कृषी मंत्रालयाच्या नावातच ‘अन्न सार्वभौमत्व’ हा शब्द घातला. २०२३ साली प्रयोगशाळेत वाढविलेल्या मांसावर कायद्याने बंदी घातली. डिसेंबर २०२५ मध्ये दिल्लीच्या लाल किल्ल्यात युनेस्कोच्या समितीची बैठक भरली. तेथे एकाच दिवशी आपल्या दीपावलीला आणि इटलीच्या पाककलेला मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत स्थान मिळाले. आजीच्या हातच्या पाककृती, कुटुंबाने एकत्र बसून घेतलेले रविवारचे जेवण, ऋतूप्रमाणे येणारी भाजी यांना इटालियन माणूस आपला वारसा मानतो. आमच्या पुरवण्यांनी इटलीकडून हे घेतले नाही. कुटुंब, ऋतू, आजी आणि स्वाभिमान सारे वगळून त्यांनी नेमका पेला तेवढा उचलला. अंधानुकरण म्हणतात ते हेच.

तो ‘हॅपी अवर’सुद्धा इटलीचा नव्हे. हा शब्दप्रयोग विसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकेच्या नौदलात रूढ झाला, तो खलाशांच्या करमणुकीच्या कार्यक्रमांसाठी. पुढे त्याला मद्य चिकटले आणि बाजाराने ते उचलून धरले. यातील हिशेब सरळ आहे. संध्याकाळच्या आरंभी मद्यालये रिकामी असतात. जागेचे भाडे आणि नोकरांचा पगार मात्र चालूच असतो. म्हणून त्या वेळेत मद्य स्वस्त करावयाचे. ग्राहक एका पेल्यासाठी येतो आणि दुसरा मोफत म्हणून घेतो. खारट, तेलकट पदार्थ तहान वाढवितात. घड्याळाचा काटा आठकडे सरकू लागला की सवलत संपण्याच्या भीतीने तो घाईघाईने आणखी मागवितो, आणि आठनंतर तोच ग्राहक पूर्ण दराने पीत बसलेला असतो. हा आनंदाचा तास नव्हे, सापळ्याचा तास आहे. सावज आपल्याच पायांनी चालत येते, आणि येताना मित्रांनाही घेऊन येते, एवढेच या सापळ्याचे वैशिष्ट्य.

हे आम्ही कर्मठ म्हणून बोलतो, असा आरोप होईल. तो करणाऱ्यांनी जरा पश्चिमेकडेच पाहावे. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्याने १९८४ साली असल्या सवलतींवर बंदी घातली. पबसाठी जगप्रसिद्ध असलेल्या आयर्लंडने २००३ साली कायदा करून ठरावीक तासांपुरते मद्य स्वस्त विकण्यास मनाई केली. व्हिस्कीची मायभूमी असलेल्या स्कॉटलंडनेही २००९ पासून तोच मार्ग धरला. ही सारी राष्ट्रे सनातनी झाली काय? जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ साली मद्याची कोणतीही मात्रा निर्धोक नाही असे जाहीर केले, तेही संस्कृतिरक्षणासाठी केले काय? ज्यांनी हे विष आधी चाखले त्यांनी त्याची वेसण आवळली, आणि आम्ही मात्र त्यांनी टाकून दिलेली फॅशन मिरवीत आहोत.

आपल्याकडे कायदा नाही असेही नाही. राज्यघटनेच्या ४७व्या अनुच्छेदाने मादक पेयांना बंदी करण्याच्या दिशेने प्रयत्न करण्याचे कर्तव्य राज्यावर सोपविले आहे. महाराष्ट्रात १९४९चा दारूबंदी कायदा आजही लागू आहे. मद्य पिण्यास परवाना लागतो. २५ वर्षांखालील व्यक्तीला दारू आणि २१ वर्षांखालील व्यक्तीला बिअर वा वाइनसुद्धा देता येत नाही. मद्याची जाहिरात करण्यास आणि पिण्यास उत्तेजन देण्यास त्या कायद्यात मनाई आहे. मग ‘एकावर एक मोफत’ हे उत्तेजन नव्हे तर काय आहे? महाविद्यालयातून नुकत्याच बाहेर पडलेल्या बावीस-तेवीस वर्षांच्या मुलांना तेथे कोण वय विचारतो?

यावर ठरलेले उत्तर येते: व्यक्तिस्वातंत्र्य! ‘आमच्या पैशाने आम्ही पितो, तुम्हाला काय त्रास?’ १९ मे २०२४ च्या पहाटे याच कल्याणीनगरात दोन तरुण अभियंत्यांचा भरधाव मोटारीखाली बळी गेला. मोटार चालविणारा १७ वर्षांचा मुलगा त्याआधी मद्यालयांत बसून आला होता, असे पोलिसांनी सांगितले. ते दोन अभियंते आपले घर सोडून पुण्यात नोकरीस आले होते, आपल्या मुलांसारखेच. त्यांच्या स्वातंत्र्याची चौकशी कोणत्या पुरवणीने केली? आणि रस्त्याच्या या टोकाचे काय? फेब्रुवारी २०१७ मध्ये निवडणुकीच्या धामधुमीत नगर तालुक्यातील पांगरमल येथे मेजवानीत वाटलेली बनावट दारू पिऊन अनेक ग्रामस्थ दगावले. ती दारू चक्क जिल्हा रुग्णालयाच्या आवारातील उपाहारगृहातून आल्याचे तपासात उघड झाले. पांगरमलच्या माणसाने प्यायली की ती ‘सामाजिक समस्या’ आणि कोरेगाव पार्कमध्ये प्यायली की ती ‘जीवनशैली’, हा ढोंगीपणा आता पुरे झाला. पेल्याची काच बदलली म्हणून आतील द्रव बदलत नाही.

या जिल्ह्याला तर मद्याविरुद्ध बोलण्याचा विशेष अधिकार आहे. त्याच नगर रस्त्यावरून थोडे आत वळले की राळेगणसिद्धी लागते. १९७५ साली सैन्यातून परतलेल्या अण्णा हजारे यांनी तेथे यादवबाबांच्या मंदिराचा जीर्णोद्धार केला आणि त्या मंदिरातूनच दारूच्या भट्ट्या बंद करण्याची चळवळ उभी राहिली. अण्णांच्या राजकीय भूमिकांविषयी मतभेद असू शकतात. या कार्याविषयी असू नयेत. हिवरे बाजारने नशाबंदीला गावाच्या पुनर्रचनेचे एक सूत्रच मानले. पारनेर तालुक्यातील निघोजच्या महिलांनी २०१६ साली मतदान करून ‘आडवी बाटली’ला कौल दिला. जानेवारी २०२२ मध्ये तत्कालीन महाविकास आघाडी सरकारने सुपरमार्केटमधून वाइन विकण्याचा निर्णय घेतला, तेव्हा उपोषणाचा इशारा राळेगणमधूनच गेला आणि सरकारला पाऊल आवरावे लागले. कोण्या पुरोगाम्याला मद्याचा विरोध ही ‘संस्कृतिरक्षकांची दंडेली’ वाटत असेल, तर त्याने निघोजच्या कष्टकरी स्त्रियांसमोर उभे राहून तसे सांगून पाहावे.

आता एक कटू गोष्ट आपल्याच घरात बोलावयास हवी. १८७८च्या अबकारी कायद्यापासून मद्य हे सरकारी तिजोरीचे साधन झाले. १९०८ साली पुण्यात लोकमान्यांच्या नेतृत्वाखाली दारूच्या दुकानांवर निरोधन झाले, ते या परकीय व्यवस्थेविरुद्ध होते. याच लोकमान्यांनी १९१६ साली आपल्या या नगरीत स्वराज्यावर व्याख्याने दिली आणि त्यांबद्दल खटला ओढवून घेतला. स्वराज्य आले, पण तिजोरीची सवय गेली नाही. २०२५ साली राज्य सरकारने मद्यावरील शुल्क वाढविले आणि त्यातून सुमारे १४ हजार कोटींचे जादा उत्पन्न अपेक्षिले. मद्य महाग होणे चांगलेच. परंतु जे सरकार त्या उत्पन्नावर विसंबते, ते पिणारे कमी व्हावेत अशी मनापासून इच्छा कशी करील? सरकार आपल्या विचाराचे आहे म्हणून हा प्रश्न गिळून टाकणे ही निष्ठा नव्हे. पुण्यश्लोक अहिल्यादेवींचे नाव जिल्ह्याला देणाऱ्या सरकारकडून त्यांच्या राज्यकारभारातील लोककल्याणाची अपेक्षा धरणे हा आमचा हक्क आहे.

तेव्हा मागणी स्पष्ट असावी. आयर्लंडप्रमाणे ठरावीक तासांपुरती मद्याची दरसवलत महाराष्ट्रात कायद्याने बंद करावी. वयाची अट कागदावरून दारापर्यंत आणावी. सवलतींची जाहिरात करणाऱ्यांवर आहे त्याच कायद्याने कारवाई व्हावी.

परंतु केवळ बंदीने भागणार नाही. दिवसभर पडद्यासमोर राबलेला, खोलीवर कोणी वाट पाहत नसलेला तरुण त्या उजळलेल्या दाराकडे वळतो, तो मद्याच्या ओढीने कमी आणि सोबतीच्या ओढीने अधिक. ज्या वेळी आपल्या घरी देवापुढे सांजवात लागते आणि लहानथोर शुभंकरोतीला एकत्र येतात, नेमकी तीच वेळ बाजाराने ‘हॅपी अवर्स’ म्हणून विकावयास काढली आहे. संध्याकाळी माणसाला माणूस हवा असतो, हे बाजाराने ओळखले. ते आपणही ओळखले पाहिजे. खराडी-वाघोलीत आपल्या तालुक्याची किती मुले राहतात, याची नोंद प्रत्येक गावातील कार्यकर्त्याने करावी. पुण्यातील स्वयंसेवक कुटुंबांनी आठवड्यातून एकदा त्यांना जेवावयास बोलवावे. ताटात पिठले-भाकरी असो वा पास्ता. कुटुंब प्रबोधनाचा याहून सोपा कार्यक्रम नाही. सावरकरांनी रत्नागिरीत चहाच्या कपाने समाज जोडला होता. पुण्यातल्या मराठी घरांना हे अवघड का वाटावे?

ज्या जिल्ह्यातील नेवाशात ज्ञानदेवांनी ज्ञानेश्वरी सांगितली, त्या जिल्ह्याला आनंदाचा अर्थ कोणा उपाहारगृहाच्या दरपत्रकावरून शिकण्याची गरज नाही. आनंदाला चार ते आठची मुदत नसते आणि एकावर एक मोफतही मिळत नाही. येत्या शनिवारी संध्याकाळी पुण्यातील आपल्या मुलाला, पुतण्याला, भाचीला दूरध्वनी करावा आणि ‘आज कोणाकडे जेवायला आहेस?’ एवढेच विचारावे. उत्तर ‘कोणाकडेच नाही’ असे आले, तर आपले काम कोठून सुरू करावयाचे ते आपल्याला कळेल.