हरकत तोंडी, पोच लेखी

कचेरीचे काम म्हणजे कागदाचा प्रवास, असे मानणारा एक पक्ष आहे. कागद या टेबलावरून त्या टेबलावर सरकतो, शेरा पडतो, सही होते. ही वाट संगणकात बसवली की मधली माणसे आणि त्यांचे बोलणे आपोआप गळून पडेल. हे म्हणणे अगदीच हवेतले नाही. वशिला आणि चहापाण्याचे पैसे तोंडी व्यवहारातूनच शिरतात, हे तहसीलची पायरी झिजवलेल्या माणसाला सांगावे लागत नाही. ई-फेरफारमुळे खरेदीखताची माहिती दुय्यम निबंधकाकडून थेट महसूल खात्याकडे जाऊ लागली, तेही बरेच झाले.

पण नाशिक जिल्ह्यातली, समजा निफाडकडची, एखादी वारसनोंद पाहावी. बाप वारला. द्राक्षबाग दोघा भावांच्या नावे लावण्याचा अर्ज आला. सिन्नरला दिलेल्या बहिणीचे नाव त्यात नाही. अर्ज नीटनेटका, मृत्यूचा दाखला जोडलेला. कागदाला विचारले तर सगळे ठीक आहे. खोट आहे ती नात्यात, आणि बहीण किंवा गावातले कोणी तोंड उघडेल तेव्हाच ती कळणार.

महाराष्ट्र जमीन महसूल संहितेने हे 1966 सालीच ओळखले होते. कलम 149 प्रमाणे हक्क मिळालेल्याने तीन महिन्यांत तलाठ्याला वर्दी द्यायची. तलाठ्याने लगेच लेखी पोच द्यायची. कलम 150 प्रमाणे नोंद फेरफार नोंदवहीत (गाव नमुना 6) चढते, तिची प्रत चावडीवर लागते, हितसंबंधितांना लेखी कळवले जाते. हरकत लेखी चालते, तशीच तोंडीही! ती विवादग्रस्त प्रकरणांच्या नोंदवहीत उतरवणे तलाठ्याचे कर्तव्य आहे.

वर्दी, पोच, सूचना, हरकत, निकाल. हा कागदाचा नकाशा नव्हे, संवादाचा आहे. 1986 साली संगणकशास्त्रज्ञ टेरी विनोग्राड आणि चिलीचे माजी अर्थमंत्री फर्नांडो फ्लोरेस यांनी संगणकावर पुस्तक लिहून कचेरीचे काम विनंती आणि वचन यांच्या साखळीतून मांडले. निफाडच्या तलाठ्याला त्यात फारसे नवल वाटले नसते.

यावर मानवशास्त्रज्ञ ल्युसी सकमन यांचा आक्षेप मात्र वजनदार आहे: माणसाचे प्रत्येक बोलणे ठरावीक खणात टाकायला लावले की ते खण वरिष्ठाच्या हातातला लगाम होतात. संहितेने ही मर्यादा आपसूकच पाळली आहे. चावडीवरच्या गप्पा ती टिपत नाही. ज्याने हक्क हलतो तेवढेच बोलणे टिपते. वशिल्यावरचा उताराही मुकेपणा नाही, पोच आहे.

तलाठ्याचे पदनाम आता ग्राम महसूल अधिकारी झाले आहे. बहिणीने त्याच्यापुढे तोंडी हरकत सांगितली, तरी लेखी पोच मागितल्याशिवाय तिने उठू नये. ही पोच तिथल्या तिथे द्यावी, असे कायदाच सांगतो.